सुबक अक्षरजुळणीबद्दल आभार

पीएच.डी.च्या प्रबंधातलं सर्वांत मन लावून लिहिलेलं प्रकरण म्हणजे ऋणनिर्देश. बाकीची प्रकरणं परीक्षकांसाठी असतात, म्हणजे जवळपास कुणासाठीच नसतात. ऋणनिर्देश मात्र गावाकडचे चुलते, कॉलेजातले सहकारी, संस्थेचे सचिव आणि अख्खी सासुरवाडी वाचते आणि आपलं नाव कितव्या ओळीत आलंय हे बोट ठेवून मोजते. क्रमही ठरलेला. आधी दैवत किंवा महापुरुष, मग मार्गदर्शक, मग मार्गदर्शकांच्या सौभाग्यवती (वेळोवेळी दिलेल्या चहाबद्दल), मग संस्थाध्यक्ष, प्राचार्य, ग्रंथपाल, आईवडील, पत्नी, हक्काचा वेळ हिरावून घेतला तरी तक्रार न करणारी मुलं. आणि पान संपता संपता एक ओळ: प्रबंधाची सुबक अक्षरजुळणी व बांधणी वेळेत करून दिल्याबद्दल अमुक कॉम्प्युटर्सचे मनःपूर्वक आभार.

या प्रकरणाला सरकारी संरक्षणही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. प्रबंधातलं साम्य तपासताना काय काय वगळायचं याची यादी त्यात दिली आहे आणि संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना यांच्या जोडीला ऋणनिर्देशही त्या यादीत बसला आहे. म्हणजे कुणाचे आभार मानायचे हे दुसऱ्याच्या प्रबंधातून जसंच्या तसं उचललं, तरी आयोगाची हरकत नाही. या सवलतीचा लाभ महाराष्ट्राने पोटभर घेतलेला आहे.

अक्षरजुळणीच्या त्या एका ओळीत मात्र फार माणसं कोंबलेली असतात. टायपिंग करणारा असतो, 'भाषा जरा बघून देणारा' असतो, आकडेमोडीचा मनुष्य वेगळा असतो, पेपर छापून आणणारा वेगळा, आणि 'प्लॅग काढणं', म्हणजे साम्याचा टक्का खाली आणणं, हा तर आता स्वतंत्र व्यवसायच आहे. काही प्रबंधांत तर प्रबंध लिहिणाराही त्याच ओळीत असतो. त्याला 'सुबक' या विशेषणावर समाधान मानावं लागतं.

मुळात एवढी माणसं पीएच.डी.च्या मागे का लागली, हे आधी बघायला हवं. आयोगाने २०१८मध्ये सांगितलं की, विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापक व्हायचं तर जुलै २०२१पासून पीएच.डी. लागेल. तासिका तत्त्वावर राबणारी, म्हणजे सीएचबीवाली, नेट-सेट झालेली मंडळी धावत सुटली. मग करोना आला आणि तारीख जुलै २०२३वर गेली. ती उजाडली तेव्हा आयोगाने जाहीर केलं की, पीएच.डी. ऐच्छिक आहे, नेट-सेट पुरे. तोवर अनेकांची नोंदणी झाली होती, शुल्क भरून झालं होतं, आणि घराच्या दारावर 'प्रा.'च्या आधी 'डॉ.'पुरती जागा सोडून पाटी रंगवून झाली होती. आता मागे फिरायचं कसं? शिवाय पुढच्या बढतीला पदवी लागतेच.

तर हा नोंदणी झालेला मनुष्य लिहायला बसतो. आयुष्यात त्याने लिहिलेलं सर्वांत लांब गद्य म्हणजे एम.ए.च्या पेपरातलं 'सविस्तर चर्चा करा' या प्रश्नाचं उत्तर, तेही सात पानांच्या वर गेलेलं नसतं आणि तेही बाजारातल्या गाइडातून आलेलं. त्याला आता तीनशे पानं लिहायची आहेत: मुद्दा मांडायचा, पुरावा द्यायचा, दुसऱ्याचं म्हणणं आणि स्वतःचं म्हणणं वेगळं ठेवायचं. हे त्याला कुणी कधी शिकवलेलं नाही. शाळेत 'मी पंतप्रधान झालो तर' लिहिलं होतं, तेही बाईंनी फळ्यावर उतरवून दिलं होतं.

विद्यापीठ अगदीच हात झटकत नाही, असं म्हणायला हवं. पीएच.डी.ला किमान बारा श्रेयांकांचा कोर्सवर्क असतो. त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता नावाचा दोन श्रेयांकांचा विषय आयोगाने सक्तीचा केला आहे. काय करू नये हे तिथे स्लाइड दाखवून सांगतात. त्या स्लाइड कुठून आल्या हे विचारायची पद्धत नाही. चोरी करू नये हे पटलं, पण मग लिहायचं कसं, हा प्रश्न तासाच्या शेवटी राहतो आणि हजेरीपटावर सह्या होतात.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३०च्या दशकात लेखनाची प्रयोगशाळा काढली होती. तिकडच्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांत आज असं केंद्र असतं. पदव्युत्तर विद्यार्थी कच्चा मजकूर घेऊन जातो, समोर एक प्रशिक्षित मनुष्य बसतो आणि 'या परिच्छेदात तुला नेमकं काय म्हणायचंय?' एवढंच विचारून त्याला घाम फोडतो. चुका दुरुस्त करून द्यायला तो साफ नकार देतो. तुझ्या तूच दुरुस्त कर, कशा करायच्या ते सांगतो, म्हणतो. आपल्याकडे नेमकं उलट आहे. चुका दुरुस्त करून मिळतात, काय म्हणायचंय हे कुणी विचारत नाही. दिल्लीच्या आसपास एखाद्या खासगी विद्यापीठात असं केंद्र निघालं आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यासाठी मात्र हे केंद्र मागच्या गेटाबाहेर, रसवंतीच्या शेजारी, आठ बाय दहाच्या गाळ्यात असतं.

गाळ्यात दोन संगणक, एक स्पायरल मशीन, सोनेरी अक्षरांचे खिळे लावून ठेवलेला लाकडी ट्रे आणि काळ्या-मरून रेक्झिनचे ताव. भिंतीवर गणपती आणि त्याच्याखाली 'उधारी बंद'. खुर्चीवर बसलेल्या माणसाचं शिक्षण बारावी आणि मराठी टायपिंग चाळीस. पण डाव्या बाजूला दीड इंच समास सोडायचा, नाहीतर बांधणीत अक्षरं गिळली जातात. ओळींत दीड अंतर. प्रमाणपत्र आधी की प्रतिज्ञापत्र आधी. सारांश वेगळा बांधायचा की आत. आरआरसीसमोर, म्हणजे संशोधन मान्यता समितीसमोर, किती प्रती. हे सगळं त्याला तोंडपाठ. मार्गदर्शकांना हे माहीत नसतं, तेच फोन करून त्याला विचारतात. आणि एक गोष्ट कुणी मान्य करणार नाही, पण प्रबंध पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला सबंध महाराष्ट्रातला एकमेव मनुष्यही तोच असतो. टाइप करायचा तर वाचावाच लागतो.

"मॅडम, तिसऱ्या प्रकरणापर्यंत तुमचा बार्शी तालुका होता. चौथ्यात माढा झालाय."

"अय्या! दादा, तेवढं सगळीकडे बार्शी करा ना."

"केलं असतं, पण माढ्यात साखर कारखाना आलाय, त्याचं काय करू?"

मॅडम मार्गदर्शकांना फोन लावतात. मार्गदर्शक म्हणतात, कारखाना राहू द्या, फक्त नाव काढा. या संभाषणात संशोधन पद्धतीचं जितकं शिक्षण आहे तितकं अख्ख्या कोर्सवर्कमध्ये नसतं, आणि ते फुकट मिळालेलं आहे.

मराठी प्रबंधाला या दादाने दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे फॉन्ट. युनिकोड रुळण्याआधीची वीसेक वर्षं मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम अशा प्रणालींवर टाइप होत असे. दोन्ही पुण्याचीच अपत्यं. या जुन्या फॉन्टांत पडद्यावर दिसतं देवनागरी, पण पोटात असतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत. फाइल साम्य शोधणाऱ्या यंत्रात घातली की, त्याला मराठी दिसतच नाही. कंस, टिंबं आणि डॉलरच्या खुणांचा खच दिसतो, आणि असा खच जगात इतर कुणी लिहिलेला नसल्याने यंत्र खुशीत निर्वाळा देतं: साम्य शून्य टक्के, प्रबंध संपूर्ण मौलिक. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने 'शोधगंगा' नावाचं भांडार उभारून देशभरातले लाखो प्रबंध खुले केले, पण त्यातल्या बऱ्याच जुन्या मराठी प्रबंधांच्या पोटात शोध घेऊ गेल्यास हाती काही लागत नाही. जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांची डॉक्टरेट बायरॉइट विद्यापीठाने २०११मध्ये उचलेगिरीपायी काढून घेतली आणि त्यांना मंत्रिपदही सोडावं लागलं. बिचाऱ्यांनी प्रबंध रोमन लिपीत लिहिला होता. श्रीलिपीत बसवून घेतला असता तर आज कुठल्या कुठे गेले असते.

आता युनिकोडचा आग्रह धरला जातो, म्हणून 'प्लॅग काढणाऱ्यां'ना बरे दिवस आले. आयोगाचं गणित सोपं आहे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस असेल तर सुधारून आणायला जास्तीत जास्त सहा महिने. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध द्यायला बंदी. साठच्या वर नोंदणीच रद्द. यात आणखी एक मोठी गोड तरतूद आहे. सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे साम्यात धरत नाहीत. चौदा शब्दांपर्यंत योगायोग, पंधराव्याला चोरी. गेटाबाहेरच्या कारागिरांनी हे लगेच मापात घेतलं. तेराव्या-चौदाव्या शब्दावर आले की, एखादा 'तथापि' किंवा 'यानुषंगाने' टाकून वळण घ्यायचं.

त्यानेही भागलं नाही तर शब्द बदलायचे. 'महिला बचत गट'चा 'स्त्रीवर्गीय काटकसर समूह' होतो, 'ग्रामपंचायत'चं 'खेडे पंचमंडळ', आणि 'दुष्काळ' हा 'पर्जन्याभावाचा कालखंड' होऊन बसतो. हा उद्योग केवळ मराठी नाही. फ्रान्समधले संगणकतज्ज्ञ गियोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१मध्ये शास्त्रीय नियतकालिकांतून असे पिळवटलेले शब्दप्रयोग गोळा केले, त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची 'नकली जाणीव' झाली होती आणि स्तनाच्या कर्करोगाचं 'उराचं संकट'. मूळ शब्द ओळखू आला की चोरी आणि ओळखू येईनासा झाला की संशोधन, ही कसोटी आता जागतिक आहे.

मुलांकडून मौलिकतेची एवढी अपेक्षा करणाऱ्यांनी स्वतःही थोडी राखायला हरकत नव्हती. डिसेंबर २०२३मध्ये सारथी, बार्टी आणि महाज्योती या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्तीसाठी चाळणी परीक्षा झाली. पेपर हातात पडला आणि विद्यार्थ्यांच्या लक्षात आलं की, ही २०१९च्या सेट परीक्षेची प्रश्नपत्रिका आहे. जशीच्या तशी. आयोगाच्या तक्त्यात बसवलं तर साठच्या वरचा गट, नोंदणी रद्द. इथे मात्र १० जानेवारीला फेरपरीक्षा घेतली. तिथे प्रश्नपत्रिकांचे संच सीलबंद नाहीत म्हणून पुण्यात, नागपुरात मुलांनी बहिष्कार टाकला. त्याच डिसेंबरात नागपूर अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, असं विचारलं होतं. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

आकडेमोडवाल्याचं काम मोजकं. तीनशे प्रश्नावल्या, पाच पर्याय, कोष्टकं, रंगीत वर्तुळं, शेवटी काय-वर्ग कसोटी. गृहीतक सिद्ध झालं पाहिजे एवढीच अट. ते नेहमी होतं. महाराष्ट्रात गेल्या कित्येक वर्षांत एकही गृहीतक फेटाळलं गेलं नसेल. आपली गृहीतकं फार सोशिक.

पेपर छापून आणणाऱ्याचा इतिहास याहून रंजक आहे. २०१६च्या विनियमांनी प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापणं आणि दोन परिषदांत निबंध वाचणं सक्तीचं केलं, आणि रातोरात आंतरराष्ट्रीय नियतकालिकं निघाली. आंतरराष्ट्रीय म्हणजे नावात. संपादक मंडळ, छापखाना आणि बँक खातं एकाच घरात, बहुधा एकाच खोलीत. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली तर ही सगळी त्या यादीतही शिरली. मग पुण्यातल्याच संशोधकांनी २०१८मध्ये 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिलं की, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी जी तपासली त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाला उतरत नाहीत. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नावं खोडली. २०१९मध्ये 'केअर' नावाची नवी यादी आली, तिचं कामकाजही पुणे विद्यापीठातूनच चाले. फेब्रुवारी २०२५मध्ये ती यादीही बंद करून, आता ज्याचं त्याने बघावं, असं विद्यापीठांना सांगण्यात आलं. म्हणजे निदानही पुण्यातून, औषधही पुण्यातून. रोग्याला घरी सोडलेलं आहे.

या बाजारात एक कामगार असा आहे की जो पैसे मागत नाही. २०१७मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातले प्राध्यापक ब्रूस होल्सिंगर यांनी जुन्या पुस्तकांतले ऋणनिर्देश समाजमाध्यमावर टाकायला सुरुवात केली. 'हस्तलिखित तीनदा टाइप केल्याबद्दल माझ्या पत्नीचे आभार' या धाटणीचे. पत्नीने टाइप केलं, संपादन केलं, सूची केली, प्रसंगी संशोधनही केलं, पण तिचं नाव मात्र दिलेलं नाही. ती नुसती 'माझी पत्नी'. टाइप केल्याबद्दल आभार, हीच त्या मोहिमेची खूण ठरली. आपल्याकडे नाव देतात, हा आपला मोठेपणा. 'सौ.' लावून देतात. संदर्भसूचीची चारशे कार्डं अकारविल्हे कुणी लावली, मुलांचे डबे आटोपून रात्री मुद्रितं कुणी तपासली, हे त्या 'सौ.'मध्ये आलंच. बाई स्वतः पीएच.डी. करत असतील तर हे काम त्यांच्या यजमानांकडे जातं का, याचा प्रबंध अजून कुणी दिलेला नाही. बाईंसाठी नियमांत दोन वर्षं वाढीव मुदत आहे. आयोगालाही घरची परिस्थिती ठाऊक दिसते.

राहिले मार्गदर्शक. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. सगळेच वाईट नसतात. पानन् पान लाल शाईने रंगवून परत देणारे सर आजही आहेत आणि त्यांचे विद्यार्थी त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत पुढे उत्तम लिहू लागतात. पण बहुसंख्यांचा अभिप्राय दोन वाक्यांत मावतो: 'छान झालंय. थोडं वाढवा.' काय वाढवा, कुठे वाढवा, कशासाठी वाढवा, हे विचारायला विद्यार्थी पुन्हा गेटाबाहेरच जातो. दादा समासाची मापं तपासतो आणि आकृत्या मोठ्या करून अकरा पानं वाढवून देतो.

दुसऱ्याचं लेखन पैसे घेऊन करून देणं ऑस्ट्रेलियाने २०२०मध्ये आणि इंग्लंडने २०२२मध्ये कायद्याने गुन्हा ठरवलं. तिकडच्या निबंधांचं बरंचसं काम केनियातले हुशार पदवीधर रात्र रात्र बसून करतात, हे आता लपलेलं नाही. आपल्याकडे 'पीएच.डी. मार्गदर्शन, नोंदणीपासून व्हायवापर्यंत' अशी जाहिरात विजेच्या खांबावर, मूळव्याधीच्या जाहिरातीच्या वर असते. कधी काळी बंदी आलीच तर पहिला छापा टायपिंगच्या गाळ्यावर पडेल, कारण तो उघडा असतो आणि त्याला पाटी असते. लिहायला न शिकवता लिहून मागणारी संस्था दगडी इमारतीत असते, तिला बागही असते.

आता या सगळ्यांच्या पोटावर पाय आलाय. ७ नोव्हेंबर २०२२ला आयोगाने नवे विनियम काढून शोधनिबंध छापण्याची सक्ती उठवली आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला चॅटजीपीटी अवतरलं. पेपरवाला आणि प्लॅगवाला एकाच महिन्यात उठले. विद्यार्थी आता मध्यरात्री फोनवर प्रकरण मागतो आणि ते येतंही: गुळगुळीत, नम्र, प्रत्येक परिच्छेद सारख्या लांबीचा, कशावरच ठाम मत नसलेला. म्हणजे विद्यापीठाला हवा तसा. संदर्भसूचीही येते, फक्त तिच्यातली काही पुस्तकं कुणी लिहिलेलीच नसतात. ती शोधण्याचं काम ग्रंथपालावर पडतं. चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलाबरोबर तो भला मनुष्य कपाटं धुंडाळतो, जुन्या नोंदवह्या काढतो, दुसऱ्या ग्रंथालयात फोन लावतो, आणि मग हळूच विचारतो, "हे पुस्तक तुला सांगितलं कुणी?" मुलगा खिशातला फोन आणखी खाली सरकवतो.

दादा मात्र टिकून आहे. चॅटजीपीटीला रेक्झिन चढवता येत नाही, हे एक. आणि दुसरं, मार्गदर्शकांनी एआय ओळखणारी यंत्रं आणल्यावर नवं काम निघालं. मजकूर माणसाने लिहिल्यासारखा दिसला पाहिजे. दादा पानावरून एकदा नजर फिरवतो, मधूनच एखादं वाक्य अर्धवट तोडतो, 'आणि'च्या जागी दोनदा 'व' टाकतो, दोन परिच्छेद एकत्र करतो. मग ऱ्हस्वाचे दीर्घ करायला घेतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या ज्या चुकांवरून सरांनी त्याला वीस वर्षं फैलावर घेतलं, त्या आता पानाच्या दराने हिशेबात लागतात.

"दादा, फार नका हं टाकू चुका. सरांना संशय यायचा."

"काळजी करू नका मॅडम. सरांच्या स्वतःच्या प्रबंधात होत्या तेवढ्याच टाकतोय. तोही मीच टाइप केला होता."